तोक्योचं स्थळ

"काय म्हणाले ते?" कुमुदबाईंनी विचारलं.

अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात आम्ही तिघं उभे होतो. बाहेर आमचा शेखचाचा चांदीचा कागद चिकटवलेली फळी हातात धरून उन्हाची तिरीप आत फेकत होता. त्या उजेडात, आरशात बघणाऱ्या राजकन्येसमोर उभं राहून तोक्योचे प्रोफेसर मोरिकावा जपानीत बराच वेळ बोलले होते. त्यातलं मला नीट कळलं ते एवढंच: 'भिंत', 'बाई', 'कादंबरीत नाही' आणि 'पाय दुखतात'.

"म्हणतात," मी घसा साफ केला, "ह्या बाईच्या डोळ्यांत जी तहान आहे, ती आमच्या देशातल्या कादंबऱ्यांत शोधून सापडत नाही. शोधता शोधता माणसाचे पाय दुखायला लागतात."

"एवढंच?"

"मधे एक उसासा होता. तो तुम्ही ऐकलाच."

कुमुदबाईंनी मान खाली घातली. पदर ओठांशी नेला. मला वाटलं, बाईंना भरून आलं. प्रोफेसर माझ्याकडे बघून गंभीरपणे वाकले. मीही वाकलो. शेखचाचाच्या हातातली फळी हलली आणि राजकन्या क्षणभर अंधारात गेली.

मी तेव्हा अजिंठ्याला गाईड होतो. इंग्रजी बोलणारे गाईड पैशाला पासरी होते. जपानी बोलणारा अख्ख्या मराठवाड्यात मी एकटा. ती भाषा मी कशी शिकलो ते सांगितलं तर लोक हसतात, पण सांगतो. लेण्यांच्या पायथ्याशी एक जपानी भिक्खू उतरला होता. त्याला हिवताप भरला. मी उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायचो आणि तो तापात बडबडायचा. ताप काही केल्या उतरेना, बडबड काही केल्या थांबेना. तो खडखडीत बरा होऊन निघाला तोवर मी फर्डं जपानी बोलत होतो. फक्त माझ्या जपानीला जराशी कणकण आहे, असं पुढे पर्यटक म्हणायचे.

कुमुदबाई जालनापूरकर औरंगाबादच्या एका कॉलेजात मराठी शिकवायच्या. दर हिवाळ्यात मुलींची सहल घेऊन लेण्यांना यायच्या आणि गाईड म्हणून मलाच सांगायच्या. पहिल्या वर्षी मी ह्या आरसेवाल्या राजकन्येचं लग्न उज्जैनच्या राजपुत्राशी लावून दिलं. दुसऱ्या वर्षी तिला एका खलाशाबरोबर जावा बेटावर पळवली. तिसऱ्या वर्षी मी नुसतं तोंड उघडलं, तर बाई मुलींना म्हणाल्या, "वह्या मिटा. हे परीक्षेत येणार नाही, पण जन्मभर लक्षात राहील." त्या दिवसापासून माझं काही खरं नव्हतं. तसं आधीही माझ्यात खरं असं फार नव्हतंच.

पण बोलायचं कसं? त्या देशस्थ तहसीलदाराची लेक, एम.ए. झालेली. मी फर्दापूरच्या शिंप्याचा मुलगा, मॅट्रिकला गणितात गचकलेला. राजकन्येला मी कुठल्याही बेटावर नेऊ शकत होतो. बाईंना चहाला चला म्हणायची छाती होत नव्हती.

त्या साली बाईंच्या कॉलेजात मोठं चर्चासत्र भरलं. विषय होता 'आधुनिक कादंबरीतील प्रेम आणि विश्वनागरिकत्व'. फळ्यावर तो लिहिता लिहिता शिपायाचा खडू संपला. त्यासाठी बाईंनीच पत्रव्यवहार करून मोरिकावांना बोलावलं होतं. पाहुणे जपानीतच बोलतील, दुभाष्या लागेल, असं त्यांनी प्राचार्यांना सांगितलं आणि माझं नाव सुचवलं. माझी कीर्ती लेण्यांतून शहरात पोचली, असं मी समजलो.

चर्चासत्रातलं भाषण झकास झालं. त्याचा गोषवारा बाईंनी मला आधीच मराठीत समजावून दिला होता. जपानी पाहुण्याच्या मनातलं त्यांना कसं ठाऊक, हे विचारायचं मला सुचलं नाही. प्रोफेसरांनी सगळ्या कादंबऱ्यांतला एकच प्रसंग घेतला होता: पुरुष प्रेम करतो, आता पुढे काय? युरोपातला नायक तिच्या दाराशी जातो, दार ठोठावतो आणि सांगून टाकतो. जपानी नायक दाराशी जातो, हवापाण्याचं बोलतो आणि छत्री विसरून परत येतो. छत्रीवरून तिनं काय ते ओळखायचं. मराठी नायक दाराशी जातच नाही. तो मित्राला सांगतो, मित्र वहिनीला सांगतो, वहिनी शेजारणीला सांगते. विसाव्या प्रकरणापर्यंत सगळ्या गावाला ठाऊक होतं, नायिका सोडून.

हॉल हसून हसून लोळला. मग बाई उभ्या राहिल्या.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे प्रेम सांगत नाहीत, पोचवतात. पोचवणाराही त्या कादंबरीतलं पात्रच असतो. जगाचा नागरिक म्हणजे पासपोर्टावर ढीगभर शिक्के असलेला माणूस नव्हे. परक्याच्या घरात प्रेम कुठल्या दारानं आत येतं, ते ज्याला ओळखता येतं, तो."

टाळ्या पडल्या. मी ते जपानीत सांगायला गेलो. 'दार', 'प्रेम' आणि 'शिक्का' एवढे शब्द माझ्याकडे होते, त्यात भागवलं. प्रोफेसरांनी डोळे मिटून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अजिंठा, आणि हे सतरा नंबरचं लेणं.

दुपारी आम्ही खाली वाघूर नदीच्या काठी झाडाखाली बसलो. बाईंनी घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. प्रोफेसर मांडी घालून आमच्यापेक्षा ताठ बसले आणि चटणी डोळ्यांतून पाणी काढत खाऊ लागले.

"सोयगावकर, त्यांना सांगा," बाई धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मराठी कादंबरीतलं प्रेम बघायचं असेल तर रविवारपर्यंत थांबा म्हणावं. रविवारी नांदेडचे लोक मला बघायला येतायत."

माझा घास तोंडातच राहिला. "नांदेडचे?"

"इंजिनिअर आहे. पाटबंधाऱ्यात. अण्णांना पसंत आहे. बघणं नावाला, बहुतेक रविवारीच सुपारी फोडतील. सांगा ना त्यांना, मला काय सांगताय!"

मी सांगितलं. त्या वेळी मात्र मी एक शब्दही वाढवला नाही. वाढवायला अंगात त्राण हवं ना. प्रोफेसरांनी सिगारेट पेटवली आणि दोन-तीन शब्दांत काहीतरी विचारलं. मला वाटतं, 'ती काय म्हणते?' असं असावं.

संधी होती. दुभाष्याचं एक बरं असतं. वाक्य कुणाचंही असो, तोंड त्याचं असतं.

"ते विचारतात," मी नदीकडे बघत म्हणालो, "इतक्या लांब नांदेडला कशाला? जवळपास कोणी नाही का? एखादा साधा माणूस, चार भाषा येणारा, डोंगरात राहणारा, लोकांना हसवणारा? जपानात म्हणे अशा माणसांना फार मान असतो. तिथल्या कादंबऱ्यांत तर नायक बहुतेक असलेच."

"हे सगळं विचारलं त्यांनी?"

"त्यांची भाषा आटोपशीर आहे."

बाईंनी चटणीचा डबा बंद केला. मग सावकाश म्हणाल्या, "त्यांना सांगा, जवळपासच्यानं तोंड उघडायला नको का?"

मी मान डोलावली. हा साहित्यातला काही सिद्धान्त असावा, असं मला वाटलं. हो, खरंच वाटलं! तेव्हा मी तिशीतला होतो, पण डोकं अजून मिसरूड न फुटलेलं होतं.

बाई पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेल्या. प्रोफेसर माझ्याकडे सरकले आणि मला कळेल अशा सुट्या सुट्या जपानीत म्हणाले,

"सोयगावकर-सान, तुम्ही वाढवून सांगता."

"मी? छे!"

"मी तीन शब्द बोललो. तुमचं बोलणं संपेपर्यंत माझी सिगारेट संपली."

"मराठी जरा पसरट आहे," मी म्हणालो.

त्यांनी थोटूक वाळूत दाबलं. मग एखादं तिकीट काढायचं असावं तशा सुरात म्हणाले, "उद्या मी त्यांच्या घरी जाणार आहे. वडिलांशी लग्नाचं बोलायला. तुम्ही बरोबर या. स्वच्छ शर्ट घाला."

वाघूरचं पाणी उलटं वाहायला लागलं. खोटं वाटत असेल तर तिथल्या माकडांना विचारा, ती सगळी झाडावर चढून बसली.

प्रोफेसरांची बायको वारल्याचं त्यांनीच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. वय चाळिशीच्या आत, तोक्योत घर, परतीचं तिकीट आठवड्याभरानंतरचं. सगळं सरळ जुळत होतं. रविवारी नांदेड, शनिवारी तोक्यो, आणि मी दोन्हीकडून गेलो. वर माझ्याच तोंडानं तिला मागणी घालायची!

परतीच्या गाडीत मी खिडकीशी तोंड करून बसलो. फुलंब्रीच्या आसपास माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंड माझंच ना? मग ते कसं उघडायचं, हेही माझ्याच हातात आहे की.

शनिवारी सकाळी मी पांढराशुभ्र शर्ट घातला. वडिलांनी शिवलेला, कॉलर पोलादासारखी. प्रोफेसर काळ्या सुटात, हातात रेशमी कापडात बांधलेला चौकोनी डबा. औरंगपुऱ्यातल्या जालनापूरकरांच्या दारात आम्ही उभे राहिलो तेव्हा आतून आवाज येत होता.

"अगं पण तिथे भाकरी मिळते का?" हा आवाज म्हाताऱ्या बाईचा.

"आत्या, भात मिळतो," हा कुमुदबाईंचा.

"तीन त्रिकाळ भात? आणि मासे! कच्चे मासे खातात म्हणे. दत्तू, तू काही बोलत का नाहीस?"

"आक्का, मी रात्रभर बोलतोच आहे. मनातल्या मनात."

आदल्या संध्याकाळी बाईंनी घरी जाहीर केलं होतं की प्रोफेसर उद्या लग्नाचं बोलायला येणार. घरात कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. वडील दत्तोपंत निजामाच्या अमलात नोकरीला लागले आणि तहसीलदार म्हणून रिटायर झाले. बोलण्यात अजून उर्दूची लकब. त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीला, द्वारकाआत्याला, सगळी गल्ली टरकून असे.

दारात दत्तोपंतांनी हात जोडले. प्रोफेसर कमरेत वाकले. दत्तोपंतांना वाटलं आपणही वाकावं. ते वाकले तसे प्रोफेसर आणखी वाकले. दत्तोपंत आणखी. ही चढाओढ अशी रंगली की शेवटी द्वारकाआत्यानं भावाच्या पाठीवर चापट मारली. "पुरे, लचक भरेल!"

बसलो. कुमुदबाईंनी पोह्यांच्या बश्या आणल्या. निळी साडी, चेहरा अगदी निष्पाप. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"फर्माइए, मियाँ," दत्तोपंत मला म्हणाले. "तुमच्या पाहुण्यांना बोलू द्या. मी तयार आहे." ते मुळीच तयार नव्हते. नकार कसा सभ्यपणे द्यायचा ह्याची त्यांनी रात्रभर जुळवाजुळव केलेली कपाळावर दिसत होती.

प्रोफेसरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि संथ, स्वच्छ जपानीत सुरुवात केली. एवढं सलग सोपं जपानी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. एक एक शब्द कळत होता.

"आपल्या मुलीसाठी मी एक मुलगा सुचवायला आलो आहे," ते म्हणाले.

हे मी जसंच्या तसं सांगितलं. मनात म्हटलं, काय विनय आहे बघा, स्वतःला 'मुलगा' म्हणतोय!

"मुलगा कष्टाळू आहे. दिवसभर पायऱ्या चढतो-उतरतो, पण थकलेल्या पाहुण्याला आधी बसवतो."

तोक्योत डोंगर असतील, मला काय ठाऊक. मी म्हणालो, "मुलगा पायानं जरा अधू आहे. पायऱ्या चढताना दर थोड्या वेळानं बसावं लागतं."

"अगंबाई!" द्वारकाआत्या म्हणाली. "आत्ता तर धडधाकट चालत आला."

"सपाटीवर जमतं त्यांना."

"त्याच्याकडे हजार गोष्टी आहेत," प्रोफेसर पुढे म्हणाले. "एकच गोष्ट तो दोनदा सांगत नाही."

"मुलगा खोटारडा आहे," मी म्हणालो. "आज एक सांगतो, उद्या दुसरं."

दत्तोपंतांचा पोह्यांचा चमचा हवेत थांबला. "हे ते खुद्द सांगतायत?"

"जपानी रीत आहे साहेब. दोष आधी सांगून टाकतात."

"चांगली रीत आहे," आत्या म्हणाली. "आपल्यात असती तर माझं लग्न झालं नसतं."

प्रोफेसर म्हणाले, "आईवडील हातानं काम करून पोट भरणारे. त्याची त्याला लाज नाही, अभिमान आहे."

"घरच्यांबद्दल," मी आवाज खाली आणला, "न विचारलेलं बरं, असं म्हणतात."

"अरे रे."

"तो दारूला शिवत नाही."

"आणि दारू..."

"दारूचं काय?" दत्तोपंत पुढे झुकले.

"तांदळाची घेतात. सकाळपासून."

"तांदळाची!" आत्या किंचाळली. "बाटलीत अन्न घालतात? कुमुद, ऐकतेस का?"

कुमुदबाई ऐकत होत्या. दाराच्या चौकटीला टेकून, पदराचा बोळा तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत होत्या. बिचारीचं ह्या माणसावर एवढं मन बसलंय आणि मी त्याला दारुडा करतोय! पण रविवार डोक्यावर होता. मी मन घट्ट केलं.

"उत्तम," दत्तोपंत म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. नकार द्यायला आता कुणाची भीड नव्हती. "आता फक्त रीतीसाठी विचारा, मियाँ. पूर्ण नाव काय, गाव कुठलं?"

मी विचारलं. प्रोफेसर ताठ झाले. त्यांनी रेशमी डबा पुढे सरकवला, माझ्याकडे वळले आणि डोकं जमिनीला लागेल इतके वाकले.

"सोयगावकर-सान," ते म्हणाले. "गाव फर्दापूर."

खोलीत घड्याळाचा लंबक होता. तो मला आजही ऐकू येतो.

"काय म्हणाले?" दत्तोपंतांनी विचारलं.

जपानी गेलं, मराठी गेली. लेण्यातल्या दगडी यक्षासारखा मी बसून राहिलो.

"नाव विचारलं नाव!" आत्या म्हणाली. "नाव सांगायला एवढं काय? घशात पोहे अडकले का तुमच्या?"

"थांब आत्या," कुमुदबाई म्हणाल्या. "मी विचारते."

त्यांनी पदर सारखा केला, पुढे आल्या आणि प्रोफेसरांना इंग्रजीत विचारलं, "सर, आपण आत्ता काय काय म्हणालात, ते वडिलांना पुन्हा सांगाल का?"

"आनंदानं," प्रोफेसर म्हणाले. इंग्रजीत! अशा सफाईनं की बाईंच्या प्राचार्यांनी कॉलेज सोडून पळून जावं. माझं स्वतःचं इंग्रजी सनावळ्यांपुरतं आणि 'डोकं सांभाळा'पुरतं होतं, तरी सगळं समजलं. पायऱ्या समजल्या, हजार गोष्टी समजल्या, हातानं काम करणारे आईवडील समजले. दारूशी आलो तेव्हा मी पोह्यांत तोंड घातलं.

तहसीलदारांना इंग्रजी येत होतंच. ते एकदा प्रोफेसरांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. दोन साक्षीदार एकाच खुनाची दोन वर्णनं सांगत असावेत, तसे.

"म्हणजे मुलगा हा?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"अण्णा, सर मध्यस्थ म्हणून आलेत," कुमुदबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडेही लग्नात मध्यस्थ असतो. तो गुण आधी सांगतो, नाव सगळ्यात शेवटी घेतो. सरांचे वडील त्यांच्या गावात हेच करायचे."

"पण काल तू म्हणालीस, प्रोफेसर लग्नाचं बोलायला येतायत!"

"मग आलेच की."

"कुणाच्या लग्नाचं ते नाही सांगितलंस!"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही एकदम तोक्योत थंडी किती पडते ते विचारलंत."

मग माझ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "आमची पत्रं वर्षभर इंग्रजीतच चाललीत, सोयगावकर. सरांना मीच म्हटलं होतं, तुम्ही इंग्रजी बोललात तर तो माणूस गप्प बसेल. आणि तो बोलला पाहिजे."

काल नदीकाठचं माझं ते डोंगरात राहणाऱ्या नायकाबद्दलचं भाषण आठवलं आणि कानशिलं तापली. प्रोफेसर अतिशय शांतपणे पोहे खात होते.

दत्तोपंतांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सोयगावकर म्हणजे..."

"शिंपी," मी म्हणालो. "फर्दापूरला वडिलांचं दुकान आहे. हा शर्ट त्यांनीच शिवलाय." त्या सकाळचं माझं ते पहिलं खरं वाक्य.

कुमुदबाईंच्या चेहऱ्यावरचा सगळा खट्याळपणा गेला होता. पाठीमागे हात घट्ट धरून त्या वडिलांकडे बघत होत्या. तेव्हा कुठे मला कळलं की चर्चासत्रापासून चाललेला हा खेळ त्यांनी गंमत म्हणून मांडलेला नव्हता.

द्वारकाआत्यानं गुडघ्यावर हात मारला.

"काय हो, फर्दापूरला एस.टी. जाते ना?"

"जाते. सकाळची एक, दुपारची एक."

"मग झालं तर! दत्तू, काल रात्रभर मी विमानात बसलेय. पोरीच्या बाळंतपणाला समुद्र ओलांडून जायचं म्हणून डिंकाचे लाडू कशात बांधू, ह्याची काळजी करतेय. सकाळची एस.टी. म्हणजे मी रात्री जेवायला परत."

"आक्का, पण जात..."

"जात तोक्योवाल्याची विचारलीस?"

दत्तोपंत विचारात पडले. "नाही," ते म्हणाले. "सुचलंच नाही."

"मग आताही सुचू देऊ नकोस."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना आधी सांग, कुमुद तोक्योला चालली. आठ दिवसांनी सांग, नाही, फर्दापूरला. पेढे वाटतील लोक!"

दत्तोपंत हसले नाहीत. लेकीकडे वळले. "आणि तुझं काय म्हणणं आहे?"

कुमुदबाईंचा आवाज अगदी बारीक आला. "अण्णा, मी दर वर्षी त्या एकाच लेण्यात जाते. मला चित्रांतलं काहीसुद्धा कळत नाही."

म्हातारा उठला. आत गेला. आत पाणी प्यायल्याचा आवाज आला. प्रोफेसरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. आत्या माझ्या शर्टाची कॉलर बोटांनी चाचपत म्हणाली, "टाका मात्र सुरेख आहे हो." मी आयुष्यात एवढी गोष्ट कधी रंगवली नाही जेवढी तेव्हा त्या दाराकडे बघत मनात रंगवली, आणि तिचा शेवट दर वेळी नांदेडलाच जात होता.

दत्तोपंत परत आले तेव्हा त्यांनी डोक्यावर टोपी घातली होती. कचेरीत निकाल द्यायला बसताना घालायचे तशी. पण बसले ते माझ्याशेजारी.

"उद्या दहाला नांदेडचे येणार," ते म्हणाले. "मुलाचे काका माझे जुने स्नेही. त्यांना तोंडावर नाही म्हणणं मला जमायचं नाही. तुम्ही नऊलाच या, मियाँ. बोलायचं काम तुमचं."

"मी?" मी चाचरलो. "साहेब, मी काय बोलणार?"

"घ्या!" आत्या म्हणाली. "बिचारा किती गरीब स्वभावाचा आहे! स्वतःचे गुण सांगायची लाज वाटली म्हणून नुसते दोषच सांगत बसला. असा नम्र मुलगा कुठे मिळतो?"

कुमुदबाई झटकन पाठ फिरवून आत पळाल्या. दत्तोपंतांनी त्या गेल्याची खात्री केली, माझ्या कानाशी वाकले आणि पहिल्यांदाच मिशीत हसले.

"मला जपानी येत नाही. पण जबान्या ऐकण्यात माझा जन्म गेलाय. तो गृहस्थ मान झुकवून अदबीनं बोलत होता आणि तुम्ही त्याला लंगडा, खोटारडा आणि दारुडा करत होतात. परक्याचं स्थळ तुम्ही इतक्या सफाईनं मोडलंत. नांदेडकरांचं तर मराठीतच मोडायचंय."